विन्स्टनचा कोनाडा आणि आमच्या सोसायटीचे ३२ कॅमेरे

झिपरी | सोमवार, रात्री १०:४२

मंडळी, प्रश्न शेवटी आहे. आधी थोडं रामायण.

दिवाळीनंतर आमच्या सोसायटीत कॅमेरे बसले. चार विंग, ३२ कॅमेरे. गेट, पार्किंग, लिफ्ट, जिने, गच्चीचं दार. ठरावाला मीही हात वर केला होता, कारण त्याआधी दोन सायकली चोरीला गेल्या होत्या. त्या काही सापडल्या नाहीत. पण गेल्या आठवड्यात ग्रुपवर एक फोटो आला. गच्चीच्या जिन्यात बसलेली एक मुलगी आणि एक मुलगा. कॅमेरा छताला, त्यामुळे दोघांचे भांगच जास्त दिसतायत. खाली सेक्रेटरींचा मजकूर: "पालकांनी लक्ष द्यावे." मुलगी बी विंगमधली, बारावीतली. दोघं वडापाव खात होती, मांडीवरचा कागदसुद्धा दिसतोय. फोटोला १७ अंगठे आले आणि चार जोडलेले हात. मीही गप्प बसले, ते इथेच कबूल करून टाकते.

त्या रात्री जॉर्ज ऑर्वेलचं '१९८४' पुन्हा काढलं. कॉलेजात वाचलं तेव्हा फक्त बिग ब्रदर लक्षात राहिला होता. या खेपेला कोनाड्यापाशी अडकले. नायक विन्स्टनच्या खोलीत टेलिस्क्रीन, म्हणजे माणसाला बघणारा-ऐकणारा सरकारी पडदा, नेहमीच्या भिंतीवर नाही, त्यामुळे बाजूला एक उथळ कोनाडा सुटलाय, बहुतेक पुस्तकांच्या फळ्यांसाठी ठेवलेला. तिथे अंग चोरून बसलं की तो दिसत नाही. आवाज जातो, पण दिसत नाही. तिथे बसून तो डायरीत तारीख घालतो, ४ एप्रिल १९८४. आणि ऑर्वेल सांगतो की हे त्याच्या डोक्यात यायला काही अंशी त्या खोलीची रचनाच कारण होती.

तर प्रश्न: तुमचा कोनाडा कुठला? घरातला, ऑफिसातला, फोनमधला, कुठलाही. उरलाय का?

लंबोदर | रात्री १०:५०

पहिला! दाणे घेऊन बसलोय.

पोर्वरीकर | रात्री ११:०५

आमच्या गोव्यात टेलिस्क्रीन लावायची गरजच नाही. प्रत्येक घराला बल्कांव (दारापुढची बसायची ओसरी) आहे आणि प्रत्येक बल्कांवात एक आजी. मी काल कुठून मासे घेतले, कितीला घेतले आणि कुणाच्या स्कूटरवर बसून आलो, हे मी घरी पोचायच्या आत आईला ठाऊक होतं. विदा (डेटा) साठवण्याची मुदत: आजन्म. ह. घ्या.

बाबूराव_हिशेबनीस | रात्री ११:२०

मला हा सगळा बाऊ कळत नाही. लपवण्यासारखं काही नसेल तर भीती कशाची? सरकारला माझ्यासारख्या माणसात काय रस असणार? सकाळी भाजी, दुपारी झोप, संध्याकाळी टेकडी. बघा म्हणावं हवं तितकं. चोर पकडले जातात ना?

तिखटमीठ | रात्री ११:२४

काका, पेन्शन किती येते हातात?

बाबूराव_हिशेबनीस | रात्री ११:२९

विषय काय, विचारताय काय!

तिखटमीठ | रात्री ११:३०

बरं, राहिलं. जेवणानंतरची शुगर?

लंबोदर | रात्री ११:३१

दाणे संपले, दुसरी वाटी आणतो.

अधोरेखित | मंगळवार, सकाळी ७:५५

झिपरी, कोनाड्याचं छान पकडलंत, पण पुस्तक शेवटपर्यंत वाचलंत का? डायरीला कुणी हात लावला तर कळावं म्हणून विन्स्टन मुखपृष्ठाच्या कोपऱ्यावर पांढुरक्या धुळीचा एक कण ठेवतो. पुढे पकडला गेल्यावर त्याला समजतं की विचारपोलीस सात वर्षं त्याच्यावर डोळा ठेवून होते. डायरी वाचायचे आणि तो कण जिथल्या तिथे परत ठेवायचे. मला खोली क्रमांक १०१ मधल्या उंदरांपेक्षा तो धुळीचा कण जास्त भयंकर वाटतो. जुन्या वस्तूंच्या दुकानावरची जी खोली त्याला सुरक्षित वाटते, तिथेही भिंतीवरच्या चित्रामागे टेलिस्क्रीनच निघतो. म्हणजे कोनाडा होता असं आपल्याला वाटतं. त्यालाही तसंच वाटत होतं.

ऑर्वेलच्या आधी रशियन झाम्यातिनने १९२०-२१ मध्ये 'आम्ही' लिहिली. त्यात घरंच काचेची. पडदा पाडायचा तर गुलाबी कुपन लागतं आणि तेही ठरलेल्या तासांपुरतं. रशियात ती छापून यायला १९८८ उजाडलं. ज्या राज्यात पडद्याला परवाना लागतो, तिथे पडदा पाडला हीच एक माहिती होते. आज कुणी म्हणालं "मी व्हॉट्सॲप वापरत नाही", की आपण त्याच्याकडे कसं बघतो?

अवांतर: ऑर्वेलचा जन्म बिहारमधल्या मोतिहारीचा, १९०३. वडील अफू खात्यात. खात्यात, अफूवर नव्हे.

निवृत्त_हवालदार | सकाळी ९:१०

वरच्या साहेबांनी एक गोष्ट सोडली. हा ऑर्वेल १९२२ ते २७ ब्रह्मदेशात पोलिसात होता. म्हणजे आमच्याच खात्यातला. पाळत कशी ठेवतात हे त्याला पुस्तकातून शिकायला लागलं नसणार.

३४ वर्षं नोकरी झाली माझी. कॅमेऱ्याला शिव्या देणाऱ्यांना एवढंच सांगतो, की हरवलेलं पोर शोधताना पहिल्या दोन तासांत फुटेजसारखा आधार नाही. आधी आम्ही फोटो घेऊन रिक्षा स्टँडवर फिरायचो. आता पोरगं कुठल्या गल्लीत वळलं ते दिसतं. चेन स्नॅचिंगला गाडीचा नंबर मिळतो. सीडीआर (फोनच्या कॉलची यादी) काढला, टॉवर डंप (एका टॉवरच्या हद्दीतल्या फोनची नोंद) मागवला की आरोपी घटनेच्या वेळी कुठे होता ते कळतं. बरेच गुन्हे असेच उघडकीस येतात.

पण ताईंच्या सेक्रेटरीने केलं ते साफ चूक. आम्हाला फुटेज घ्यायचं तर पत्र द्यावं लागायचं, जावक नंबर पडायचा, पंचनामा व्हायचा, कोर्टात इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठीचं ६५ ब चं प्रमाणपत्र जोडावं लागायचं. एक कागद कमी पडला तर वकील उभा फाडायचा. तुमच्या सोसायटीत काय आहे? सेक्रेटरीच्या मोबाईलमध्ये ॲप आहे आणि ते दुपारी जेवल्यावर बघत पडतात. कॅमेरा किती हे विचारू नका, रजिस्टर कुणाकडे आहे ते विचारा.

तिखटमीठ | सकाळी ९:३२

हवालदारकाका, सलाम. पण सीडीआर काढताना नेहमीच सगळे कागद व्हायचे?

निवृत्त_हवालदार | सकाळी ९:४०

निवृत्त आहे, मेलेलो नाही. पुढचा प्रश्न.

माई_सदाशिवपेठ | सकाळी ११:१५

मी ७१ वर्षांची. आमच्या वाड्यात ११ बिऱ्हाडं होती आणि संडास तीन, अंगणाच्या पलीकडे. टमरेल घेऊन कोण किती वेळा गेलं ते सगळ्यांना माहीत. नव्या सुनेला पाळी आली की आख्ख्या वाड्याला समजायचं, कारण ती बाजूला बसायची. पत्र आलं की पोस्टमन अंगणात उभं राहून नाव पुकारायचा, आणि कार्ड असेल तर वाचूनही दाखवायचा. तुम्ही तरुण मंडळी असं बोलता जणू पूर्वी सगळ्यांना एकांत होता आणि तो आत्ता कुणी चोरला. आम्हाला तो कधी मिळालाच नव्हता. पहिल्यांदा फ्लॅटमध्ये आले तेव्हा दार लावल्यावर मी नुसती बसून राहिले होते दहा मिनिटं. कोणी हाक मारेना.

पण एक फरक आहे खरा. वाड्यात मी सगळ्यांना दिसायचे, तसे सगळे मलाही दिसायचे. सेक्रेटरीच्या घरात कॅमेरा आहे का?

झिपरी | सकाळी ११:२८

माई, शेवटच्या ओळीवर काय बोलू. नाहीये.

शुद्धलेखन_पोलीस | दुपारी १२:०२

'खासगी' योग्य, 'खाजगी' नव्हे. मूळ 'खास'. या धाग्यात अजून कुणी लिहिलं नाहीये, पण लिहील.

पोर्वरीकर | दुपारी १२:०४

घ्या! विचारपोलीस आले, गुन्हा व्हायच्या आधीच.

सेकंदकाटा | दुपारी १:१०

माझा कोनाडा सांगतो, हसू नका. घरून काम करतो. कंपनीने लॅपटॉपवर असं काही टाकलंय की पाच मिनिटं माउस हलला नाही की माझ्या नावापुढचा हिरवा ठिपका पिवळा होतो. दिवसाअखेर साहेबाकडे पिवळ्या मिनिटांची बेरीज जाते. लघवीला जाताना माणूस घड्याळ बघतो हो!

बाबांचं जुनं एचएमटी होतं कपाटात, चावीचं. ते टेबलावर उताणं ठेवायचं आणि माउस बरोबर त्याच्या तबकडीवर. खालच्या दिव्याला सेकंदकाटा फिरताना दिसतो आणि कर्सर इतकासा थरथरतो. ठिपका हिरवा. रोज सकाळी चावी देतो. बायको म्हणते, बाबा गेल्यापासून ते घड्याळ पहिल्यांदाच वेळेवर चालतंय.

लंबोदर | दुपारी १:१३

वाचनखूण साठवली. संशोधनाच्या हेतूने.

लाइपझिगची_लीना | दुपारी ३:४०

इथे माझ्या घरापासून ट्रामने दोन स्टॉपवर श्टाझीचं, म्हणजे पूर्व जर्मनीच्या गुप्त पोलिसांचं, जुनं जिल्हा कार्यालय आहे, आता संग्रहालय. पाहुण्यांना नेऊन नेऊन पाठ झालंय. काचेच्या बरण्यांत पिवळं फडकं दिसतं. चौकशीला बोलावलेल्या माणसाला खुर्चीवर बसवायचे, खुर्चीवर ते फडकं, आणि नंतर त्याचा वास बरणीत बंद. गरज पडली की कुत्र्यांना द्यायला. आपल्याकडे लोणच्याच्या बरण्या असतात तशा ओळीने.

१९८९ मध्ये अख्ख्या श्टाझीत सुमारे ९१,००० पगारी लोक होते आणि त्याच्या दुपटीच्या आसपास खबरे. कागद १११ किलोमीटर भरतील इतके. १९९१ च्या कायद्याने लोकांना आपापली फाईल बघता येऊ लागली. एका विरोधी कार्यकर्तीने फाईल उघडली तर खबऱ्या तिचा नवराच. माझी शेजारीण ८० च्या पुढची आहे. तिने अर्जच केला नाही. म्हणते, "मैत्रिणी आता तीनच उरल्यात, त्यातली एक कशाला कमी करू."

हे सगळं भोगून झाल्यामुळे असेल, पण जर्मन लोक या बाबतीत हळवे आहेत. गूगलची स्ट्रीट व्ह्यू गाडी आली तेव्हा २,४४,००० च्या वर घरांनी अर्ज करून आपलं घर धूसर करून घेतलं. १९८३ मध्ये तर साध्या जनगणनेवरून घटना न्यायालयात गेले. आणि हेच लोक बर्लिनच्या तळ्याकाठी सहकुटुंब कपडे न घालता बसतात. माझ्या आईला मी दोन्ही गोष्टी एकाच दिवशी समजावायला नको होत्या.

बाबूराव_हिशेबनीस | दुपारी ४:०५

लीनाताई, ती हुकूमशाही होती. आपल्याकडे लोकशाही आहे. तुलना चुकीची.

तारेपलीकडे | संध्याकाळी ६:३०

बाबूराव काका, राग नाही, पण एक सांगतो.

माझे पणजोबा सोलापूरच्या सेटलमेंटमधले. १८७१ पासून चालत आलेल्या गुन्हेगार जमाती कायद्याने जमातीच्या जमाती जन्मतः गुन्हेगार ठरवल्या होत्या. आमची त्यातलीच. काटेरी तार, सकाळ-संध्याकाळ हजेरी, बाहेर जायचं तर पास. पासवर परतीची वेळ. आजी सांगायची, हजेरीला नाव पुकारलं की "जी" नाही म्हणायचं, "हाजिर" म्हणायचं, आणि बाळंतीण असली तरी उभं राहायचं. ही कादंबरी नव्हे. ऑर्वेलचं पुस्तक १९४९ मध्ये आलं तेव्हाही तो कायदा देशात पूर्ण गेला नव्हता. ३१ ऑगस्ट १९५२ ला गेला. आम्ही तो दिवस विमुक्त दिन म्हणून पाळतो. त्यानंतर 'सवयीचे गुन्हेगार' नावाने नवे कायदे आले, आणि गावात चोरी झाली की गाडी आधी आमच्या वस्तीवर यायची ती येतच राहिली.

मी आज बँकेत अधिकारी आहे. तुमच्यासारख्या सोसायटीत राहतो. कॅमेरे लागले तेव्हा सगळे म्हणाले, आता सुरक्षित वाटतं. मला नाही वाटलं. पोटात काहीतरी हललं. "सरकारला माझ्यात काय रस" असं म्हणता येणं हीच एक इस्टेट आहे काका. ती सगळ्यांना वारसात मिळत नाही.

अधोरेखित | संध्याकाळी ६:४४

काहीही जोडावंसं वाटत नाही.

निवृत्त_हवालदार | संध्याकाळी ७:०२

वस्तीवर आधी गाडी जायची हे खरं आहे. मीही गेलोय त्या गाडीतून. एवढंच लिहितो.

काळा_कोट | रात्री ८:२०

'तारेपलीकडे' यांच्या मुद्द्याला कायद्याची एक पुरवणी. खडकसिंग नावाच्या माणसाला १९४१ मध्ये दरोड्याच्या प्रकरणात धरलं, पुरावा नाही म्हणून सोडलं. तरीही यूपी पोलिसांनी त्याची हिस्ट्रीशीट उघडली. रात्री-अपरात्री शिपाई आणि चौकीदार दारावर थापा मारायचे, हाका मारून उठवायचे, आहे ना घरात ते बघायला. तो सुप्रीम कोर्टात गेला. १९६२ मध्ये कोर्टाने रात्रीच्या थापा रद्द केल्या, पण बहुमताने असंही म्हटलं की खासगीपणाचा हक्क घटनेत नाही. न्या. सुब्बा राव यांनी वेगळं मत दिलं. ते वेगळं मत कायदा व्हायला २४ ऑगस्ट २०१७ उजाडला. पुट्टस्वामी खटला, नऊ न्यायमूर्ती, एकमत.

त्याच निकालात धनंजय चंद्रचूड यांनी आणीबाणीतला जबलपूर खटल्याचा १९७६ चा निकाल (अटकेविरुद्ध कोर्टात दाद मागता येणार नाही असं म्हणणारा) चुकीचा ठरवला, ज्यावर त्यांच्या वडिलांची, आपल्या पुण्याच्या यशवंतरावांची, सही होती. कुठल्या कादंबरीकाराने असं लिहिलं असतं तर संपादकाने 'फार जुळवून आणलंय' म्हणून परत पाठवलं असतं.

पुढचं थोडक्यात. न्या. श्रीकृष्ण समितीने २०१८ मध्ये विदा संरक्षणाचा मसुदा दिला. २०१९ च्या विधेयकात सरकारी यंत्रणांना जी सूट ठेवली, ती बघून यातून 'ऑर्वेलियन' राज्य होईल असं खुद्द श्रीकृष्णच म्हणाले. २०२३ चा कायदा झाला, सूट राहिलीच. पेगासस या फोनमध्ये शिरणाऱ्या हेरगिरी सॉफ्टवेअरच्या चौकशी समितीने २९ फोन तपासले, पाचांत काहीतरी घातक सापडलं, पण ते पेगाससच होतं असं ठरलं नाही. सरकारने सहकार्य केलं नाही असंही समितीने नोंदवलं. आणि २०२५ च्या शेवटी प्रत्येक नव्या फोनमध्ये 'संचार साथी' हे सरकारी ॲप आधीच टाकून द्यायचा आदेश निघाला, ओरडा झाला आणि थोड्याच दिवसांत मागे घेतला. ओरडल्याने काही होत नाही म्हणणाऱ्यांसाठी.

संपादक मंडळ | रात्री ८:४५

धागा छान चाललाय. पक्षांची नावं आली तर कुलूप लागेल.

पोर्वरीकर | रात्री ८:४६

बिग ब्रदर इज मॉडरेटिंग यू.

गुळाचा_खडा | रात्री ९:५०

शहरातल्यांच्या धाग्यात घुसते. मी नंदुरबार जिल्ह्यात शिक्षिका आहे. देशातलं पहिलं आधार कार्ड आमच्याच जिल्ह्यात, टेंभलीत, २९ सप्टेंबर २०१० ला दिलं होतं. मोठा मांडव पडला होता.

आमच्या पाड्यावरची एक आजी. रेशन दुकानात पॉस मशीनवर अंगठा लावते, लाल. दुसरं बोट, लाल. आयुष्यभर मोहाची फुलं वेचली, लाकडं फोडली. रेषा उरल्याच नाहीत. दुकानदार म्हणतो तेल लाव, तो बिचारा स्वतःच्या शर्टाला तिचं बोट पुसून देतो. मग डोळा. मोतीबिंदू. मग ओटीपी, तो नंबर नातवाचा, नातू ऊसतोडीला. आता अंगणवाडीतही पोषण आहार घ्यायला गरोदर बाईचा चेहरा जुळावा लागतो. रेंज नाही, तर बायका पोटाला हात लावून उन्हात फोन वर धरून उभ्या.

तुम्हाला काळजी की यंत्र आपल्याला सारखं बघतंय. माझी आजी यंत्रासमोर उभी राहून म्हणते, "मी हाय ना बाई, दिसत नाय का?"

तिखटमीठ | रात्री १०:०१

गुळाचा_खडा, शेवटची ओळ वाचून फोन खाली ठेवला.

माई_सदाशिवपेठ | रात्री १०:१५

मला प्लेगच्या गोष्टी आठवल्या. माझ्या आजेसासूबाई लहान होत्या, १८९७ मध्ये. गोरे सोल्जर माजघरापर्यंत शिरायचे, रोगी लपवलाय का बघायला. पुढे रँडचा खून झाला ते सगळ्यांना माहीत आहे. त्या सांगायच्या, की रोगापेक्षा बायका बुटांच्या आवाजाला जास्त भ्यायच्या. करोनात माझा नातू दुबईहून आला तर विमानतळावर त्याच्या डाव्या हातावर शिक्का मारला, निवडणुकीच्या शाईचा. कायदा तोच म्हणे, १८९७ चा. शिक्का योग्यच होता, मी त्याच्या बाजूने आहे. पण तीन आठवडे तो लांब बाह्यांचे शर्ट घालून बसला, स्वतःच्याच घरात.

काळा_कोट | रात्री १०:१९

माई, कायदा तोच. साथरोग अधिनियम, १८९७.

बाबूराव_हिशेबनीस | रात्री १०:५५

माझं मत अजूनही कॅमेऱ्याच्या बाजूने आहे. पण सोलापूरचं मला माहीत नव्हतं. मी सोलापुरात चार वर्षं नोकरी केली, 'सेटलमेंट' हा रिक्षाचा स्टॉप म्हणूनच ऐकला होता.

आणि तिखटमीठ, शुगर १९२.

तिखटमीठ | रात्री १०:५७

काका!! गोड बंद करा.

झिपरी | शुक्रवार, रात्री ९:१५

उशिरा येतेय, क्षमस्व. माई आणि हवालदारकाकांची वाक्यं छापून मीटिंगला घेऊन गेले होते. फुटेज बघायचं तर रजिस्टरमध्ये नाव, कारण, वेळ, सही, आणि दोन सभासद हजर पाहिजेत, एवढं मंजूर झालं. गच्चीच्या जिन्यातला कॅमेरा काढायचा प्रस्ताव १४ विरुद्ध ३१ ने पडला. बी विंगमधली ती मुलगी आता लिफ्टमधून जाताना ओढणी डोक्यावरून घेते. उन्हाळा नाही, काही नाही.

मूळ प्रश्नाचं उत्तर मात्र अनपेक्षित ठिकाणी मिळालं. माझ्याकडे येतात त्या मावशींना मी सहज विचारलं, "तुमच्यावर तर गेटपासून नजर. येताना फोटो, जाताना पिशवी उघडून दाखवायची. बसता कुठे मग दुपारी?" त्या आधी हसल्या. मग म्हणाल्या, एक जागा हाय ना ताई. तिथे कॅमेरा पोचत नाही. चौघीजणी तिथेच डबा उघडतात, पाय पसरतात, एक जण तर दहा मिनिटं डोळा लावते. वॉचमनला माहीत आहे, तो त्या बाजूला फेरी मारत नाही. ती जागा म्हणजे [मजकूर काढला आहे]

सेकंदकाटा | रात्री ९:२१

अहो ताई, हे काय केलंत! तुमच्या सोसायटीतले लोक वाचत असतील इथे. पटकन खोडा.

झिपरी | रात्री ९:२३

बाई गं. खोडलं. कुणी वाचलं नसेल ना?

लंबोदर | रात्री ९:२४

मी वाचलं होतं. विसरलो.

निवृत्त_हवालदार | रात्री ९:३०

मीही.